सी हॉक, एका फुटाला अर्धा इंच

आजवर माझ्या हातून काही हजार केळी सुटली असतील. लाकडाची. आंबे, वांगी, सीताफळं त्याहून जास्त. सावंतवाडीच्या चितार आळीत वाढलेल्या माणसाला फळं करायला वेगळं शिकावं लागत नाही. पांगाऱ्याचा तुकडा हातात आला की बोटं आपोआप केळ्याच्या बाकाकडे वळतात. विमानंही केली होती, पण ती जत्रेतली. एक दांडा, त्यावर आडवी पट्टी, पुढं फिरणारा पंखा, लाल-पिवळा रंग. पोरानं दोन दिवसांत मोडावं आणि पुढच्या जत्रेत पुन्हा मागावं, या बेताची.

त्यामुळे 2024च्या मे महिन्यात एक म्हातारे गृहस्थ दुकानात येऊन "विमान करतंस?" म्हणाले, तेव्हा मी मागच्या फळीवरचं तेच काढून पुढं केलं. त्यांनी ते उलटं करून पोट बघितलं आणि परत ठेवलं.

"ह्यां न्हय. सी हॉक. विक्रांतावरचां. पंख दुमडूक होये."

आमच्याकडे प्रत्येक वाडीत एक तरी नेव्हीतला माणूस असतोच. हे वेंगुर्ल्याकडचे. नाव छापू नको म्हणाले, म्हणून नेव्हीवाले काका एवढंच म्हणतो. 1971 साली विक्रांत या विमानवाहू नौकेवर विमानं ढकलायचं काम करत. ढकलायचं म्हणजे अक्षरशः. हँगरमधून लिफ्टवर, लिफ्टवरून डेकवर, डेकवरून जिथं सांगतील तिथं. 2023चा नौसेना दिन मालवणजवळ तारकर्लीला झाला, तिथं ते गर्दीत उभे होते. शेजारच्या कॉलेजातल्या मुलांना सांगायला गेले की आमच्या वेळी सी हॉक होतं, तर एकालाही ते नाव ठाऊक नव्हतं. खरं तर मलाही नव्हतं, पण तेव्हा मी तसं बोललो नाही.

"तू बघलंस कधी?"

"मोबाइलवर फोटो बघीन ना काका."

"फोटोत पोट दिसणा नाय."

अडीच हजार ठरले. मुदत 4 डिसेंबर, नौसेना दिनाची. मी मनात म्हटलं, सहा महिने आहेत, पावसाळ्यात धंदा मंदच असतो, होऊन जाईल. हा हिशेब किती चुकला ते पुढं येईलच.

आधी मापं काढली. सी हॉक या लढाऊ जेटची लांबी 39 फूट 8 इंच आणि पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 39 फूट. मला हे वाचून गंमत वाटली. एवढं वेगानं पळणारं यंत्र आणि जमिनीवर आखलं तर जवळजवळ चौकोनात बसतं. पंख दुमडले की तीच रुंदी 13 फूट 4 इंच होते. एका फुटाला अर्धा इंच धरला. म्हणजे लांबी वीस इंचांच्या जरा आत, पंख साडेएकोणीस, आणि दुमडल्यावर साधारण पावणेसात. कागदावर सगळं छान दिसत होतं. नेटवरून एक रेखाचित्र मिळालं, ते झेरॉक्सवाल्याकडून मोठं करून घेतलं आणि कामाच्या पाटावर चिकटवलं.

काकांनी मात्र बोगमाळोला गेल्याशिवाय पटाशीला हात लावू दिला नाही. दाबोळी विमानतळाजवळ नौदलाचं विमान संग्रहालय आहे, 1998 साली सुरू झालेलं. पहिल्यांदा गेलो तर नेमका त्यांच्या सुट्टीचा दिवस. बांदा, म्हापसा, पणजी करत एवढं अंतर काकांना मोटरसायकलवर मागं बसवून नेलं आणि बंद फाटकासमोर उभे. चौकशी मी करायला हवी होती. काका काही बोलले नाहीत, समोरच्या टपरीवर दोन चहा सांगितले. दुसऱ्या खेपेला भाच्याची गाडी घेतली.

आवारात शिरलं की नजर जाते ती सुपर कॉन्स्टेलेशनवर, कारण ते अवाढव्य आहे. सगळे फोटो तिथंच काढतात. काका त्याच्याकडे न बघता सरळ पुढं गेले. सी हॉक त्या मानानं लहानखुरं, नाकाला गोलाई, कमरेला किंचित जाड. मला पहिल्यांदा वाटलं की हे मी जत्रेतल्या विमानाइतक्याच वेळात करीन. मग काकांनी मला वाकायला लावलं.

जेट विमानाचा धूर शेपटीतून निघतो अशी माझी समजूत. सी हॉकच्या शेपटीला भोकच नाही. पंख जिथं धडाला चिकटतो तिथं पुढच्या बाजूला दोन्हीकडे हवा आत घेणारी तोंडं आहेत, आणि पंखाच्या मागच्या बाजूला तिथंच, धडाच्या दोन्ही अंगांना, गरम हवा बाहेर टाकणारी दोन तोंडं. मधे पोटात एकच इंजिन, रोल्स-रॉइसचं नीन. त्याचा झोत दोन नळ्यांत फोडून बाजूंनी सोडलाय. त्यामुळे मागचं धड मोकळं राहिलं आणि तिथं इंधनाची टाकी बसली. पाण्यावर लांब जायचं तर इंधन लागतंच. म्हणजे मला एका लाकडात चार तोंडं कोरायची होती आणि वरून काही दिसू द्यायचं नव्हतं. नाकाखाली चार तोफांची भोकं वेगळी, 20 मिलिमीटरच्या.

संग्रहालयातल्या वस्तूला हात लावायचा नाही, टेप तर नाहीच. मग आमची जुनी पद्धत वापरली. हात सरळ लांबवून काडी डोळ्यासमोर धरायची, चाकाची उंची काडीवर अंगठ्यानं पकडायची आणि बाकीचं किती चाकं भरतं ते मोजायचं. फळाचं प्रमाण आम्ही असंच पकडतो. नाक ते काच किती चाकं, काच ते शेपटी किती, असं सगळं वहीत उतरवलं. खाऱ्या हवेत उघड्यावर उभ्या असलेल्या पत्र्यावर रिव्हेटांच्या रांगा बोटानं चाचपता याव्यात इतक्या स्पष्ट दिसत होत्या.

तिथल्या सावलीत बसून काकांनी त्याची कुळकथा सांगितली. घरी आल्यावर मी ती पडताळून घेतली, जवळजवळ सगळी बरोबर निघाली. हॉकर कंपनीनं हे बनवलं, पहिला नमुना उडाला 2 सप्टेंबर 1947 रोजी. पुढं हॉकरच्या हातात हंटर या दुसऱ्या विमानाचं काम आलं आणि सी हॉक बांधायचं बरंचसं काम आर्मस्ट्राँग व्हिटवर्थकडे गेलं. पाचशेच्या वर झाली. 1956 साली सुएझच्या लढाईत इंग्रजांनी वापरली, मग डच, जर्मन आणि आपण. आपली 300 क्रमांकाची तुकडी 1960च्या जुलैत इंग्लंडमध्येच उभी राहिली, पांढऱ्या वाघाची निशाणी घेऊन. विक्रांतही तिकडलीच. दुसऱ्या महायुद्धात बांधायला घेतलेली, युद्ध संपल्यावर अर्धवट पडलेली हर्क्युलिस नावाची नौका आपण 1957 साली घेतली आणि 4 मार्च 1961 रोजी बेलफास्टला ती विक्रांत झाली. 18 मे 1961ला तिच्या डेकवर पहिलं जेट उतरवलं ते लेफ्टनंट ताहिलियानी यांनी. पुढं ते नौदलप्रमुख झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विक्रांत मुंबईत आली. नौदलाचा हंसा तळ 1964 साली कोइमतूरजवळच्या सुलूरहून दाबोळीला हलला, तेव्हापासून ही विमानं जमिनीवर असली की इथंच असत.

हे चाललं असताना वर कानठळ्या बसवणारा आवाज झाला. धावपट्टी जवळच आहे. मी दचकलो. काकांनी मान वर करून बघितलं आणि म्हणाले, "मिग. आमच्याच नंबराचां आसात." सी हॉक गेली तेव्हा 300ला सी हॅरियर मिळाली, 1983च्या डिसेंबरात पहिली दाबोळीला उतरली. 2016च्या मे महिन्यात तीही निवृत्त झाली आणि तोच क्रमांक, तोच वाघ मिग-29केच्या अंगावर गेला. माणसं बदलतात, घराचा नंबर तोच राहतो, तसं काहीसं.

परत येताना मी धीर करून विचारलं, पंख पसरलेलं करू का? शोकेसमध्ये जास्त देखणं दिसेल. काका बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. बांद्याच्या अलीकडे बोलले, "पायलटाक ता पसरलेला ठावक. आमका दुमडलेलाच. हँगरात रात्री चार-चार जण मिळान ढकलूचो, एका इमानाचो पंख दुसऱ्याक लागता नये. दोन बोटां जागा. लिफ्टार उघड्या पंखांनी मावणाच नाय." मग जरा थांबून, "मी कधी उडालंय नाय. मी ढकललंय."

जूनमध्ये काम सुरू केलं. पांगारा हलका, कापायला लोण्यासारखा, पण त्यात स्क्रू धरत नाही. बिजागरी बसणार म्हणून धडाला शिवणीचं लाकूड घेतलं. आता पोटात नळ्या कोरायच्या तर लाकूड आतून उघडायला हवं. त्यासाठी दोन फळ्या एकमेकींवर चिकटवल्या, मधे वर्तमानपत्राचा कागद ठेवून. तसं चिकटवलं की लेथवर एकसंध लाकडासारखं कातता येतं आणि नंतर पटाशीचा एक हलका ठोका दिला की कागदावर बरोबर उभं दुभागतं. आमच्या आज्यांची युक्ती आहे ही, पोकळ फळं करायची. धड कातून दुभागल्यावर दोन्ही अर्ध्यांत पुढून आणि मागून गोल पटाशीनं नळ्या कोरल्या आणि परत जोडलं. मिठाच्या पाण्यानं काळा पडलेला एक जुना खिळा तापवून नळ्यांच्या तोंडाशी आतून जाळलं. उजेडात धरलं की खोल कुठंतरी काळोख दिसतो. काकांना हे फार आवडलं. बोट घालून बघितलं त्यांनी, राख लागली का ते.

इथवर मी खुशीत होतो.

पंखांना रंधा मारला, वरची गोलाई काढली, पाकीटभर पॉलिश पेपर घासला. मग दुमडायच्या जागी करवत चालवली. आतला तुकडा धडाला राहणार, बाहेरचं पान साडेसहा इंचांना जरा कमी. पितळी बिजागरी बसवायला पहिला स्क्रू फिरवला आणि पान टोकापर्यंत उभं चिरलं. दुसरं पान घेतलं, भोक आधी पाडून. तेही चिरलं, फक्त जरा उशिरा. मी लाकूड पंखाच्या लांबीच्या दिशेनं धरलं होतं, ते बरोबरच. चूक ही, की स्क्रू रेषांच्या टोकातून जात होता, म्हणजे सरपणात पाचर मारावी तसा. चाळीस वर्षं लाकडात काढून मी हे विसरलो होतो, कारण केळ्याला बिजागरी नसते.

काकांना फोन केला. ते हसले. म्हणाले, खऱ्या विमानातही दुखणं तिथंच असतं. पंख हायड्रॉलिकनं उघडायचे, पण उघडल्यावर कुलूप बसलंय की नाही ते बघितल्याशिवाय कुणी श्वास सोडायचा नाही. डोळ्यांनी बघायचं, हातानं बघायचं, पुढच्याला ओरडून सांगायचं. मी शेवटी सागवानाची एकेक बारीक पट्टी आडवी घालून सांध्याची कड केली आणि बिजागरी त्या पट्टीत बसवली. उघडं ठेवायचं असेल तर खालून घालायला बांबूची खुंटी. चौथ्या पानाला जमलं.

तोवर आषाढ लागला होता. गंजिफ्याच्या गोल पत्त्यांना आम्ही चिंचोक्याची खळ आणि खडूचं अस्तर देतो, तसं यालाही दिलं. उन्हाळ्यात ते दगडासारखं बसतं. कोकणच्या पावसात दोन दिवसांनी बघितलं तर नाकापासून कमरेपर्यंत भेगा. खरवडलं. पुन्हा पातळ दिलं, चुलीजवळच्या फडताळात ठेवलं, बायकोच्या पापडांच्या डब्याशेजारी. वरच्या लॅकरचंही तेच, फवारलं की हवेतला ओलावा धरून पांढुरकं पडायचं. शेवटी गणपती होऊन जाईस्तोवर रंगाला हात लावायचा नाही असं ठरवलं. या दिवसांत काका दोनदा आले, दोन्ही वेळा शेवग्याच्या शेंगा घेऊन.

दुसऱ्या खेपेला त्यांनी विमान डोळ्याच्या पातळीवर धरलं, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "शेपटी उंच झाली."

मी रेखाचित्र दाखवलं. तंतोतंत होती.

"ही जर्मन शेपटी. आमची ठेंगणी."

हे मात्र मला चाटच पाडून गेलं. पश्चिम जर्मनीच्या नौदलासाठी जे प्रकार बांधले, मार्क 100 आणि 101, त्यांचं शेपटीचं उभं पान मूळ इंग्रजी विमानापेक्षा उंच होतं. 1960च्या दशकात जर्मनांनी वापरून सोडलेली ती विमानं आपण विकत घेतली, त्यामुळे आपल्याकडे दोन्ही जातींची होती. मी उतरवून घेतलेलं चित्र जर्मन जातीचं होतं. काका ज्याला आपलं म्हणत ते आधीचं. अर्ध्या इंचाच्या मापात तो फरक डोळ्याला जेमतेम दिसतो. पन्नासहून जास्त वर्षांनंतर, मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला तो दिसला. मी गुमान कानस घेतली.

त्या दिवशी पाऊस थांबेना म्हणून ते संध्याकाळपर्यंत बसले आणि एकाहत्तरचं बोलले. विक्रांतच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेला होता, पूर्ण वेग घेता येत नव्हता. जहाज हळू म्हणजे डेकवर समोरून वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे बॉम्ब लादलेलं विमान हवेत टाकताना धाकधूक जास्त. वाफेच्या कॅटापुल्टनं फेकलं की ते पुढच्या कडेवरून क्षणभर खाली बुडाल्यासारखं दिसे, मग वर येई. 4 डिसेंबरला सकाळी आठ सी हॉक पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर गेली. पुढं चितगाव, खुलना, मोंगला. तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर एस. के. गुप्ता यांना महावीरचक्र मिळालं.

"तुमी काय करीत होतात तेवा?"

"मोजीत होतंय. आठ गेली. मगे काय काम नाय, पण खाली कोण जाणा नाय. सगळे मागल्या बाजूक बघत. आठ इली." चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "नौसेना दिनाक सगळे कराची कराची करतत. खरां आसा, बोटींनी मोठां काम केल्यानी. पण त्याच दिवशी सकाळी आमची आठ गेली होती, ह्या कोण सांगणा नाय."

काडतूस फुटल्याचा आवाजही काढून दाखवला त्यांनी. इंजिन चालू करायला काडतूस वापरत. तोंडानं "ढप्प" आणि मग हळूहळू चढत जाणारी शीळ. माझा धाकटा अभ्यास टाकून दारात येऊन उभा राहिला.

ऑक्टोबरची उन्हं पडल्यावर रंग दिला. वरून गडद राखाडी, पोटाकडे फिकट, हिरवट झाक असलेला. मिसळून मिसळून सात वाट्या केल्या, काकांनी पाचवी निवडली. पंखांवरचं तिरंगी वर्तुळ मात्र मी स्टेन्सिल न लावता हातानं काढलं. गंजिफा काढणाऱ्याला वर्तुळाचं काय सांगायचं? केशरी बाहेर, हिरवं आत, एका दमात. शेपटीजवळ आयएन आणि पुढं तीन आकडे. ते आकडे काकांनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दिले होते. ते इथं देणार नाही, तशी अट आहे.

डिसेंबरच्या तीन तारखेला विमान टॉवेलात गुंडाळून वेंगुर्ल्याला नेलं. अंगणात पुतण्याची मोटरसायकल उभी होती, बजाजची व्ही. विक्रांत मुंबईत 2012पर्यंत संग्रहालय म्हणून होती. काकांनी मुलाला नेऊन दाखवली होती, तिच्यावरही एक सी हॉक उभं असे. 2014 साली ती मोडीत निघाली आणि तिचं काही पोलाद या गाडीत गेलं, अशी जाहिरातच होती. पुतण्या टाकीवर फडका मारत होता. काकांनी त्याला हाक मारून विमान दाखवलं. त्यानं पहिली गोष्ट कोणती केली असेल तर पंख उघडले. काकांनी ते बंद केले.

आत भिंतीत काचेचं कपाट होतं. वरच्या फळीवर पदकं, चष्म्याचं घर, औषधांची पाकिटं. मधली फळी रिकामी, नुकती पुसलेली. त्यांनी विमान आडवं न ठेवता नाक काचेकडे करून सरकवलं. दोन्ही बाजूंना बरोबर दोन बोटं जागा उरली. त्यांनी ती बोटं घालून बघितली. फळीचं माप मे महिन्यातच घेऊन ठेवलं होतं म्हणे.

मी पैसे घेतले, पाणी प्यालो, निघालो. दारापर्यंत आलो तर मागून हाक.

"रे, चॉक नायत चाकांक. डोलला तर?"

मी पिशवीत हात घातला. शिवणीचे दोन ढलपे नेहमी असतातच, पाचर म्हणून. पायरीवर बसून चाकूनं तिथंच दोन त्रिकोण कापले, नखाएवढे. काकांनी ते चिमटीत घेतले, काच सरकवली आणि मागच्या दोन्ही चाकांपुढं एकेक लावला.